जयंतीविशेष : ठिणगीच्या फटीवर उभा राहिलेला कारखानदार रॉबर्ट बॉश

चंडीगड, २३ सप्टेंबर (वृत्तसेवा) : पेट्रोलवर धावणाऱ्या मोटारीच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये स्पार्क प्लग नावाची बोटभर लांबीची एक वस्तू बसविलेली असते. तिच्या टोकाशी धातूचे दोन लहान भाग समोरासमोर उभे असतात आणि त्यांच्यामध्ये साधारणपणे अर्धा ते एक मिलिमीटर इतकी फट असते. त्या फटीतून ठिणगी उडते, इंधन पेटते आणि गाडी चालते. ही ठिणगी वेळेवर आणि न चुकता देणारी यंत्रणा जगभरच्या मोटारींपर्यंत पोहोचविणारे जर्मन कारखानदार रॉबर्ट बॉश यांची आज जयंती. २३ सप्टेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला.

हे स्मरण चंडीगडहून करण्यास निमित्तही आहे. ल कॉर्बुझिए यांनी येथील रस्त्यांची सात प्रकारांत प्रतवारी केली आणि वेगवान मोटारींना पादचाऱ्यांपासून वेगळे काढले. मोटारीला गृहीत धरून आखलेले असे शहर भारतात दुर्मीळच. लोकसंख्येच्या मानाने मोटारींचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशातील शहरांत चंडीगडची गणना होते. मनीमाजरा आणि सेक्टर ३८ पश्चिम येथील मोटार बाजारांत सुट्या भागांचा मोठा व्यापार चालतो. गाडीच्या कंपनीने बसविलेल्या मूळ प्लगऐवजी अन्य निर्मात्यांचे, बाजारात सुटे मिळणारे प्लग घेणारा ग्राहकवर्ग सर्वत्र आहे, तसा येथेही आहे. असे नवे प्लग बसविल्यावर शहराच्या सपाट रस्त्यांवर गाडी निमूटपणे चालते. परवाणूच्या पुढे शिमल्याचा चढ लागला, की एखादी गाडी मिस मारू लागते. दोष प्लगच्या माथी मारला जातो. पुष्कळ वेळा तो प्लगचा नसतो, फट न मोजता प्लग बसविणाऱ्या हाताचा असतो. बॉश यांना या प्रकारच्या हाताची लहानपणापासून चीड होती, आणि त्यांच्या चरित्राचा बराचसा भाग या एका चिडीतून उलगडतो.

दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळचे आल्बेक हे त्यांचे गाव. बारा भावंडांत त्यांचा क्रमांक अकरावा. वडील सर्व्हाटियस बॉश यांची शेती होती, वाटसरूंसाठी चालविलेली ‘क्रोन’ ही पांथशाळा होती, आणि घरात पुस्तकांचा संग्रह होता. खेड्यातील सधन शेतकरी असूनही मुलांच्या शिक्षणाविषयी आग्रही आणि विचारांनी उदारमतवादी असा हा गृहस्थ होता. रॉबर्ट यांना मात्र शाळेची फारशी गोडी लागली नाही. १८७६ मध्ये उल्म येथील एका यंत्र-कारागिराकडे सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी करण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले. तीन वर्षांच्या या उमेदवारीची आठवण त्यांना पुढे कडवटच वाटत राहिली. उस्ताद बहुधा दुकानात नसत, शिकविणारा कोणी नसे आणि काम कसे तरी उरकण्याची रीत होती. चाळीस वर्षांहूनही कमी काळात स्वतःच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारांसाठी स्वतंत्र शिक्षण विभाग उघडला, त्याची मुळे उल्मच्या त्या दुकानात सापडतात.

उमेदवारी संपल्यावर पाच-सहा वर्षे ते गावोगावी भटकले. न्युरेंबर्ग येथील शुकर्ट यांच्या कारखान्यात काम केले, वर्षभराची लष्करी सेवा केली आणि स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात काही काळ बाह्य विद्यार्थी म्हणून तासांना हजेरी लावली. पदवी त्यांनी घेतली नाही. १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क येथे बर्गमन यांच्या आणि नंतर एडिसन यांच्या कारखान्यात त्यांनी हात काळे केले. तेथेच ते ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेचे सभासद झाले. नोकरी जाणे म्हणजे काय, हेही त्यांनी परक्या देशात अनुभवले. पुढे कारखान्याचे मालक झाल्यावर त्यांना ‘लाल बॉश’ हे टोपणनाव पडले. त्यातला लाल रंग बराचसा या काळातला होता. परतीच्या वाटेवर त्यांनी लंडन येथे सीमेन्स बंधूंकडे काही महिने काढले.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्ट येथील रोटेब्यूल मार्गावर त्यांनी सूक्ष्म यंत्रकाम आणि विद्युत कामाची स्वतःची कर्मशाळा थाटली. वय पंचवीस, भांडवल वारशाने मिळालेले १० हजार मार्क, सोबत एक कारागीर आणि एक उमेदवार. दूरध्वनी बसवावेत, विजेच्या घंटा जोडाव्यात, मिळेल ते दुरुस्त करावे, असे दिवस होते. पहिली दहा वर्षे तंगीचीच गेली. कारागीर घ्यावेत आणि काम ओसरले की कमी करावेत, असे चालले होते. आई आणि नातलगांनी दिलेला आधार नसता, तर दुकानाला टाळे लागले असते. गिऱ्हाइकांकडची कामे तपासण्यासाठी बॉश यांनी १८९० मध्ये सायकल घेतली. त्या काळी स्टुटगार्टमध्ये सायकल नवलाईची वस्तू होती. शहरातून सायकलवरून फिरणारा हा दाढीवाला यंत्रकारागीर लोकांच्या डोळ्यांत भरला.

ज्या कामाने पुढे नाव झाले, ते १८८७ मध्ये सहज चालून आले. एका लहान यंत्र-उत्पादकाला आपल्या गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो हवा होता. बॅटरीशिवाय, चुंबकाच्या मदतीने वीज निर्माण करून ठिणगी देणारे हे यंत्र डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर वापरले जात असे. बॉश यांनी शोर्नडॉर्फ येथे जाऊन असे एक यंत्र डोळ्यांनी पाहिले, त्यातील उणिवा हेरल्या आणि सुधारून बनविले. शोध त्यांचा नव्हता. त्यांच्या आयुष्यातील बहुतेक मोठ्या गोष्टींबाबत हेच खरे आहे. त्यांचे बळ शोधात नव्हते. दुसऱ्याच्या कल्पनेतील ढिलाई काढून टाकण्यात होते.

दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, लंडनचे फ्रेडरिक सिम्स यांनी द दियों-बुतों कंपनीची एक तीनचाकी मोटार पाठविली आणि तिच्या वेगवान इंजिनावर मॅग्नेटो बसवून मागितला. जागेवर उभ्या असलेल्या संथ इंजिनांना पुरणारे यंत्र येथे अपुरे पडत होते. बॉश यांच्या कर्मशाळेतील आर्नोल्ड त्सेहरिंगर यांनी त्याची हलणारी रचना बदलली आणि मॅग्नेटो मोटारीवर चालू लागला. तरीही एक अडचण उरलीच. ही ठिणगी कमी दाबाच्या विजेची होती. सिलिंडरच्या आत दोन संपर्कबिंदू यांत्रिक दांड्यांनी जोडून झटक्यात तोडले, की त्या तुटण्यातून ती निघे. या दांड्या झिजत, अडकत आणि इंजिनाचा वेग वाढला की मागे पडत.

हा तिढा सोडविला गॉटलोब होनोल्ड यांनी. त्यांचे वडील बॉश कुटुंबाच्या परिचयातील शिक्षक होते. होनोल्ड यांनी किशोरवयात बॉश यांच्याकडेच उमेदवारी केली, नंतर शिक्षण पूर्ण केले आणि १९०१ मध्ये ते पुन्हा तेथे रुजू झाले. काही महिन्यांतच त्यांनी एकाच आर्मेचरवर दोन गुंडाळ्या घेऊन उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो तयार केला. या विजेला हलत्या दांड्यांची गरज नव्हती. एका स्थिर प्लगमधील फट ती स्वतःच उडी मारून ओलांडत असे. ७ जानेवारी १९०२ रोजी या रचनेचे पेटंट नोंदले गेले. स्पार्क प्लगची कल्पना त्याहून चाळीस वर्षे जुनी. फ्रान्समध्ये एतिएन लनुआर यांनी १८६० मध्येच आपल्या गॅस इंजिनात तो वापरला होता. पण तोवर प्लग भरवशाचा नव्हता. त्याचे चिनी मातीचे आवरण तडकत असे, टोके जळत असत आणि ठिणगी केव्हा येईल याचा नेम नसे. होनोल्ड यांचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग ही जोडी एकत्र विकली गेली, तेव्हा मोटार खऱ्या अर्थाने रस्त्यावर आली.

येथे चरित्र क्षणभर बाजूला ठेवून त्या फटीकडे पाहणे आवश्यक आहे. वायूतून ठिणगी उडविण्यासाठी किती दाबाची वीज लागेल, हे वायूचा दाब आणि दोन टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर ठरते, असे फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये प्रयोगांती दाखविले होते. फट फार लहान राहिली तर ठिणगी सहज उडते. परंतु ती इतकी तोकडी असते, की भोवतालचे मिश्रण नीट पेट घेत नाही, इंजिन जागेवर अडखळते आणि प्लग काजळतो. फट फार मोठी झाली, तर ती ओलांडण्यास अधिक दाबाची वीज लागते. गाडी सपाटीवर सावकाश जात असताना सिलिंडरमधील दाब कमी असतो, म्हणून कॉइल कशीबशी ती मागणी भागवते. चढावर चालक पेडल दाबतो, सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण शिरते, दाब वाढतो आणि नेमक्या त्या वेळी ठिणगी चुकते. परवाणूच्या पुढे गाडी मिस मारते ती यामुळे. हे दुखणे तेवढ्यावर थांबत नाही. कॉइलवर अकारण ताण येतो, आणि न जळलेले इंधन धुरांड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व तो महागडा भाग खराब होतो.

मॅग्नेटोच्या काळात ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवली जाई. पुढे पॉइंट असलेल्या गाड्यांत सामान्यतः ०.६ ते ०.७ मिलिमीटर, तर इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन असलेल्या आजच्या अनेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटर असा पल्ला आढळतो. टर्बो इंजिनात आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ती बहुधा कमी ठेवावी लागते. हे आकडे केवळ दिशा दाखविणारे आहेत. प्रमाण मानायचा तो गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला आकडा. खोक्यावर गॅप लावून दिला आहे असे लिहिलेले असले, तरी एकाच क्रमांकाचा प्लग अनेक प्रकारच्या इंजिनांत बसतो आणि निर्मात्याने त्यांतील एकासाठीच फट लावलेली असते. वाहतुकीत प्लग पडून टोक वाकले, तर तेवढीही खात्री उरत नाही. म्हणून नवा प्लगही मोजूनच बसवायचा असतो.

मोजण्यासाठी तारेचे गेज उत्तम. जुन्या प्लगच्या झिजलेल्या, खड्डा पडलेल्या टोकांमध्ये सपाट फिलर पट्टी फसवे माप देते. योग्य जाडीची तार किंचित घासत जावी, त्याहून एक पायरी जाड तार जाऊ नये, ही खूण. फट कमी-जास्त करायची ती फक्त बाजूचे वाकडे टोक हलक्या हाताने वाकवून. मधल्या टोकाला अवजार टेकवून जोर दिला, की आतील चिनी मातीला तडा जाऊ शकतो. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे बारीक टोक असलेल्या प्लगबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. नाण्याच्या आकाराचे उतरत्या कडेचे गेज फटीत सरकवून तीच रुंद करण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती अशा प्लगचा जीव घेते. बाजूची टोके एकाहून अधिक असलेले प्लग तर सहसा वाकवायचेच नसतात. अनुभवी मेकॅनिकला या सगळ्यास चार प्लगमागे पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

बॉश यांच्याकडे परतू. १९०३ मध्ये आयर्लंड येथे झालेल्या गॉर्डन बेनेट शर्यतीत कामीय जनात्सी यांनी मर्सिडीज गाडी चालवून विजय मिळविला, आणि त्या गाडीवर बॉश प्रज्वलन होते. त्यानंतर मागणीचा पूर लोटला. १९०६ मध्ये कारखान्याने एक लाखावा मॅग्नेटो बनविला, आणि त्याच वर्षी बॉश यांनी आठ तासांचा कामाचा दिवस लागू केला. जर्मन उद्योगांत हे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. यामागे दयाबुद्धी होती, तसा हिशेबही होता. थकलेला हात चुकतो आणि मापाच्या धंद्यात चूक परवडत नाही. एखाद्याने आपला माल तपासावा आणि त्यात खोट सापडावी, ही कल्पनाच त्यांना असह्य होई. विश्वास गमावण्यापेक्षा पैसा गमावणे त्यांना परवडणारे वाटे, असे त्यांनी लिहूनही ठेवले आहे.

मात्र हे चित्र निव्वळ गुलाबी रंगात रंगविणे योग्य ठरणार नाही. कामगारांना चांगले वेतन देणाऱ्या या कारखान्यातच १९१३ मध्ये मोठा संप झाला, तो कामगारांच्या पराभवात संपला आणि ‘लाल’ म्हणविले जाणारे बॉश मालकांच्या संघटनेत सामील झाले. ते तापट होते आणि काटकसरीत हट्टी होते. कचेरीत जमिनीवर पडलेली कागद अडकविण्याची क्लिप उचलून त्यांनी एका कर्मचाऱ्याला हा कोणाचा पैसा आहे याची जाणीव करून दिली, ही गोष्ट त्यांच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. याच माणसाने बव्हेरियातील दलदलीच्या जमिनीवर आदर्श शेती उभारण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा ओतला, ही त्यातली गंमत.

पहिल्या महायुद्धाआधी, १९१३ मध्ये, कंपनीची ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होत होती. युद्धाने ती मुळासकट उखडली. अमेरिकेतील कंपनी शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त होऊन विकली गेली आणि बॉश यांच्याच नावाने त्यांच्याशी स्पर्धा करू लागली. युद्धसामग्रीतून झालेला नफा स्वतःपाशी ठेवणे त्यांना रुचले नाही. नेकर नदीच्या कालव्यासाठी त्यांनी १ कोटी ३० लाख मार्क दिले. कारखान्याच्या काही इमारतींत जखमी सैनिकांचे रुग्णालय चालविले. १९२१ मध्ये त्यांचा एकुलता मुलगा रॉबर्ट दीर्घ आजारानंतर तिशीतच वारला आणि दोन वर्षांनी होनोल्डही गेले. वारस गेला आणि उजवा हातही गेला. १९२७ मध्ये पहिल्या विवाहाचा शेवट होऊन दुसरा विवाह झाला. त्याच वर्षी कारखान्याने डिझेल इंजिनासाठी इंधनपंपाचे उत्पादन सुरू केले, ज्या इंजिनाला स्पार्क प्लग लागतच नाही. ज्या वस्तूने नाव दिले तिची गरज नसलेल्या यंत्रातही आपले स्थान निर्माण करणे, यातून त्यांची व्यावहारिक दृष्टी दिसते.

नाझी राजवटीचा काळ हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग. जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात सलोखा व्हावा म्हणून ते उघडपणे झटत आले होते. १९३३ नंतर त्यांचा कारखाना शस्त्रसज्जतेच्या कामात ओढला गेला, नफ्यात राहिला, आणि युद्धकाळात तेथे हजारो लोकांना सक्तीने राबविण्यात आले. दुसरीकडे, बॉश आणि त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनी छळ होणाऱ्या ज्यू नागरिकांना देशाबाहेर पडण्यास पैसा पुरविला. हिटलरविरोधी गटाचे एक प्रमुख कार्ल गोर्डेलर यांना १९३७ मध्ये सल्लागार म्हणून नेमून संरक्षण दिले. त्यांचे सहकारी हान्स वाल्झ यांना पुढे इस्रायलने ज्यूंच्या मदतीबद्दल गौरविले. या दोन बाजूंची वजाबाकी करून शिल्लक काढता येत नाही. दोन्ही नोंदवून ठेवाव्या लागतात.

होमिओपॅथीवर त्यांची श्रद्धा होती. तिच्यासाठी त्यांनी स्टुटगार्ट येथे उभारलेले रुग्णालय १९४० मध्ये सुरू झाले. १२ मार्च १९४२ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, त्याच शहरात त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीविषयी त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांची अंत्ययात्रा शासकीय इतमामाने काढली. आपल्या मागे नफ्याचा उपयोग लोकहितासाठी व्हावा, अशी दिशा त्यांनी मृत्युपत्रात आखून दिली होती. १९६४ मध्ये वारसांकडील बहुतांश भाग सार्वजनिक न्यासाकडे गेले, आणि आजही कंपनीची सुमारे नऊ दशांश मालकी न्यासाकडे आहे.

भारतात त्यांचा माल १९२२ पासून कोलकात्यातील विक्री कचेरीतून येत होता. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी अर्थात मायको स्थापन झाली आणि ‘मायको’ अक्षरांचा प्लग देशभरच्या गॅरेजांत पोहोचला. नाशिककरांना तर हे नाव सांगावेच लागत नाही; डिझेल इंजिनाचे भाग बनविणाऱ्या तेथील कारखान्यामुळे मायको सर्कल शहराच्या पत्त्यात कायमचे बसले, आणि २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले तरी चौकाचे नाव बदलले नाही. चंडीगडचा जन्मही याच वर्षांतला. २ एप्रिल १९५२ रोजी पंडित नेहरू यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले.

आज मनीमाजऱ्यासारख्या बाजारात ग्राहकासमोर अनेक निर्मात्यांचे प्लग असतात, आणि देशातील सर्वच सुट्या भागांच्या बाजारांप्रमाणे नामांकित कंपन्यांच्या नावाची बनावट खोकीही फिरतात. खोके अस्सल असो वा नसो, आतल्या प्लगची फट मात्र तारेच्या गेजने दुकानातच, पैसे देण्यापूर्वी मोजून घेता येते.